उतरू नका, काच खाली घ्या

चेन्नईत थोराईपाक्कमहून पल्लावरमकडे जाणारा दोनशे फुटी ‘रेडियल रोड’ पळ्ळिकरणैच्या पाणथळीच्या मधोमध गेला आहे. सकाळी आठनंतर तिथे पाण्याचे टँकर, कंपन्यांच्या बसगाड्या आणि डोक्यावर हेल्मेट नुसतं टेकवलेले दुचाकीस्वार यांची रांग लागते. त्याआधीच्या तासाभरात कडेला दोन-चार गाड्या उभ्या दिसतात. इंजिन बंद, काच अर्धी खाली, काचेच्या कडेवर एक गुबगुबीत पिशवी आणि पिशवीवर टेकवलेली लांबलचक लेन्स. समोर जांभळ्या पाणकोंबड्या, शेकाटे, चित्रबलाक, हिवाळ्यात रोहित पक्षी. कधीमधी गवतातून निघालेला एखादा कोल्हाही. गाडीतून वन्यप्राण्यांचे फोटो काढणं म्हटलं की मराठी माणसाला ताडोब्याची जिप्सी आठवते. माझं मत असं, की या प्रकारातलं चांगलं काम आजकाल अशा बिनतिकिटाच्या रस्त्यांच्या कडेला जास्त होतं आणि वाईट काम तिकीट काढून.

गाडी का चालते, हे आधी पाहू. पायी येणारा माणूस पक्ष्यांना आणि हरणांना फार लांबून ओळखू येतो. दोन पायांवर उभी आकृती, हलणारे हात, आपल्याकडेच वळलेला चेहरा, यातलं प्रत्येक धोक्याचं. गाडीत बसलं की ही आकृती मोडते. उरतो एक डबा, जो रोज येतो आणि निघून जातो. माणूस पायी आला तर पक्षी लांबूनच उडतात आणि गाडी आली तर बरीच जवळ येऊ देतात, हे पक्षी-अभ्यासकांनी निरनिराळ्या देशांत पुन्हापुन्हा मोजलेलं आहे. पण यात एक बारकावा आहे. प्राणी सरावलेला असतो तो जाणाऱ्या गाडीला. गाडीचा वेग एकदम कमी झाला, की कडेचे बगळे माना ताठ करतात. ती थांबली की दोन पावलं मागे सरतात. मग काहीच घडत नाही असं दिसलं, की पाच-दहा मिनिटांत पुन्हा चोच पाण्यात जाते. आणि दार उघडल्याचा ‘खट्’ आवाज झाला की सगळा थवा हवेत. जुनी मंडळी नव्याला पहिला सल्ला देतात तो हाच : उतरू नका, काच खाली घ्या, आणि ती काचही गाडी थांबायच्या आधीच.

ही युक्ती नवी नाही. 1920च्या दशकात उत्तर भारतात वनाधिकारी असलेल्या एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी वाघांचे फोटो काढले, ते काही वाटेवर ताणलेल्या तारेने आपोआप टिपलेले, तर काही पाळीव हत्तीच्या पाठीवरून. त्याच दशकात मार्टिन आणि ओसा जॉन्सन हे अमेरिकन जोडपं आफ्रिकेत मोटारी घेऊन सिंहांच्या कळपांजवळ जात होतं, आणि 1927 साली दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात पर्यटकांच्या पहिल्या गाड्या शिरल्या. आपली गाडी आपणच चालवत जंगल पाहायची पद्धत तिथे तेव्हापासून रुजली.

चेन्नईचं या इतिहासातलं नाव म्हणजे एम. कृष्णन (1912–1996). तमिळ कादंबरीकार अ. माधवय्या यांचे हे चिरंजीव. 1950पासून अखेरपर्यंत ‘द स्टेट्समन’मध्ये त्यांचं निसर्गविषयक सदर चालू होतं. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे भाग जोडून त्यांनी स्वतःच एक अवजड यंत्र बनवलं होतं, त्याला ते गमतीने ‘सुपर पाँडेरोसा’ म्हणत. रंगीत फोटोचं त्यांना कौतुक नव्हतं, काम कृष्णधवलात. दक्षिणेतल्या रानांत ते पायी फिरले आणि पाळीव हत्तीवरूनही. हत्तीच्या पाठीवरचा माणूस रानगव्यांना आणि सांबरांना दिसत असूनही खुपत नाही. त्यांच्या लेखी तो हत्तीचाच भाग असतो. आजची गाडी तेच काम करते, फक्त ती चारा खात नाही. पण कृष्णन यांच्या फोटोंत एक गोष्ट आहे, जी आजच्या गाडीतून काढलेल्या फोटोंत क्वचित सापडते : प्राणी काय करतो आहे, ते दिसतं. कोण कोणाकडे पाहतं आहे, पिल्लू कळपात कुठे उभं आहे, सोंड कुठे आहे. 1959 ते 1970 या काळातल्या मोठ्या सस्तन प्राण्यांवरचं त्यांचं सर्वेक्षण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पुस्तकरूपाने काढलं. त्यातले फोटो पुरावा म्हणून येतात, शोभेला येत नाहीत. 

आता प्रत्यक्ष चेन्नई. इथल्या जागांचे दोन भाग पडतात : जिथे गाडी कामाची, आणि जिथे ती लांब उभी करून चालत जायचं.

वेडंतांगल दुसऱ्या गटातलं. शहरापासून पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवरचा हा तलाव गावकऱ्यांनी शतकानुशतकं जपला. 1798 साली तिथल्या ब्रिटिश कलेक्टरने त्यांचा हा हक्क लेखी मान्य केला. पक्षी पाण्यातल्या झाडांवर आणि माणसं बांधावर, अशी विभागणी इतकी जुनी आहे की तिथले करकोचे बांधावरच्या शाळेच्या सहलींकडे ढुंकूनही बघत नाहीत. गाडीचा उपयोग शून्य. गिंडी राष्ट्रीय उद्यान शहराच्या पोटात, जेमतेम पावणेतीन चौरस किलोमीटरचं. तिथे आपली गाडी घेऊन फिरण्याची सोयच नाही. शेजारच्या आयआयटीच्या आवारात काळवीट आणि चितळ मोकळे फिरतात आणि तिथल्या बसगाड्यांना पुरते सरावलेले आहेत, पण ते भाग्य तिथे शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचं. बाहेरच्याने हेवा करावा. काळवीट हा या शहराचा खराखुरा रहिवासी. 1978मध्ये स्थापन झालेल्या मद्रास नॅचरलिस्ट्स सोसायटीने आपल्या नियतकालिकाला ‘ब्लॅकबक’ हेच नाव दिलं. वंडलूरच्या प्राणिसंग्रहालयातली बसमधून होणारी सिंह सफारी इथे धरलेली नाही, कारण कुंपणातला सिंह या लेखाचा विषय नाही.

पहिल्या गटात पळ्ळिकरणै आहे, दक्षिणेला कोवळम-केळंबाक्कम रस्ता आहे, जिथे खाडीचं पाणी आणि मिठागरं रस्त्याला खेटून आहेत. आणि सगळ्यांत उत्तम, उत्तरेला आंध्रच्या हद्दीत सुळ्ळूरपेटहून श्रीहरिकोट्याला जाणारा रस्ता. चिल्का सोडलं तर पुलिकत हे देशातलं सर्वांत मोठं खाऱ्या पाण्याचं सरोवर, आणि हा रस्ता त्याच्या पोटातून सरळ भराव टाकून नेला आहे. तो बांधला अंतराळ केंद्रासाठी. फायदा पक्षी बघणाऱ्यांचा झाला. हिवाळ्यात दोन्ही बाजूंना गुडघाभर पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे असतात. झोळीवाले पेलिकन जवळच्या नेलापट्टूला वीण करतात आणि चरायला इथे येतात. इस्रोच्या बसगाड्या दिवसभर ये-जा करतात, त्यामुळे चारचाकीचं पक्ष्यांना अप्रूप नाही. पलीकडे बेटाच्या तोंडाशी सुरक्षा तपासणी आहे. तिथपर्यंत कॅमेरा घेऊन जायची हौस कुणी करू नये.

या रस्त्यावर कुठे बसायचं, हे ठरवण्यात अर्धा फोटो असतो. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते आणि चालक उजवीकडे बसतो. म्हणजे कडेला थांबल्यावर पाणी डाव्या खिडकीत येतं आणि चालकाच्या खिडकीत येते ती रहदारी. फोटो काढणाऱ्याने गाडी चालवायचीच नसते. त्याची जागा डावीकडची, शक्यतो मागची, म्हणजे पुढचा आरसा आड येत नाही. आता दिशा. सुळ्ळूरपेटहून श्रीहरिकोट्याकडे रस्ता साधारण पश्चिमेकडून पूर्वेला जातो. जाताना डावी बाजू उत्तरेची. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे उत्तरेच्या पाण्यातल्या पक्ष्यांवर सकाळपासून दुपारपर्यंत समोरून ऊन पडतं. परतताना डावी बाजू दक्षिणेची होते आणि सगळं उलटं : पक्षी काळे, पाणी चांदीसारखं. ज्याला गुलाबी पंख टिपायचे त्याने जाताना थांबावं, ज्याला आकृत्या आवडतात त्याने येताना. रेडियल रोड आणि केळंबाक्कमचा रस्ता हेही पूर्व-पश्चिमच असल्याने हाच हिशेब तिथेही लागू पडतो. हे गणित महागड्या लेन्सपेक्षा जास्त कामाला येतं, आणि फुकट आहे.

चेन्नईची हवा हा वेगळा अध्याय. एसी लावून तासभर गाडी हाकली, आणि काच खाली करून कॅमेरा बाहेर रोखला, की लेन्सवर धुकं. बाहेरची हवा इतकी दमट की थंड काचेला लागताच तिचं पाणी होतं. नवखा माणूस रुमालाने पुसतो आणि लेन्सवर रेघोट्या पाडतो. पुसलं तरी अर्ध्या मिनिटात पुन्हा तेच. उपाय साधा : शेवटची वीस-पंचवीस मिनिटं एसी बंद, काचा खाली, कॅमेरा पिशवीबाहेर. घाम येतो, पण घाम यायचाच असतो इथे. नऊनंतर दुसरा त्रास सुरू होतो. डांबर तापतं, हवा लहरते, आणि लांबचा पक्षी कितीही नेमका पकडला तरी फोटोत पाण्याखाली बुडाल्यासारखा मऊ येतो. पुष्कळ जण या वेळी लेन्सला दोष देतात आणि पुढची लेन्स घेतात. नऊ वाजता घरी जाऊन डोसा खाणं हाच त्यावरचा शहाणपणा.

गाडीतलं सामान फारसं नसतं. तिपाई आत मावत नाही, म्हणून बीनबॅग : जाड कापडाची पिशवी, आत तांदूळ, चवळी किंवा थर्मोकोलच्या गोळ्या. विमानाने जाणारे ती रिकामी नेतात आणि मुक्कामी किराणा दुकानातून भरून घेतात. इथल्या हवेत तांदळाला पोरकिडे लागतात, म्हणून जाणकार प्लॅस्टिकचे दाणे भरतात. इंजिन बंद ठेवायचं ते आवाजापेक्षाही थरथरीसाठी. 500 किंवा 600 मिलिमीटरच्या लेन्सला बॉनेटची बारीक कंपनंही पुरतात, शिवाय बॉनेटवरून उठणारी गरम हवा समोरच्या चित्रात तरंगते. गाडी कोणती, यावर फार वाद होतात. मोठी उंच गाडी रस्त्यावर रुबाबदार दिसते, पण पक्ष्यांसाठी बुटकी हॅचबॅक बरी, कारण फोटो प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढला तर जिवंत वाटतो. आणि इथे सगळे रस्ते भरावावर आहेत, म्हणजे पक्षी आधीच खाली. त्यामुळे अगदी जवळच्या पाणकोंबडीचा फोटो टेरेसवरून काढल्यासारखा येतो, आणि जरा लांबच्या शेकाट्याचा छान आडवा. जवळ जाण्याचा हव्यास इथे फोटोलाच मारक ठरतो. नव्यांना हे पटत नाही. स्क्रीनवर पक्षी मोठा दिसला की ते खूश.

पक्ष्यांवरून मोठ्या प्राण्यांकडे गेलं की नियम बदलतात. चेन्नईकर त्यासाठी रात्रभर प्रवास करून मुदुमलैला जातात. उटी-म्हैसूर रस्ता या व्याघ्र प्रकल्पातून आणि पलीकडच्या बंडीपूरमधून जातो. बंडीपूरमध्ये 2009पासून रात्री 9 ते सकाळी 6 वाहतूक बंद असते, आणि दिवसा वाटेत थांबणं, उतरणं मना आहे. आत फिरायचं तर वनखात्याची गाडी; त्यात मिळेल ती खिडकी. मुदुमलैतला तेप्पक्काडूचा हत्ती कॅम्प तिथे चित्रित झालेल्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ या माहितीपटाला 2023 साली ऑस्कर मिळाल्यावर इतका गाजला, की पाळीव हत्ती पाहून आलेली माणसं चार किलोमीटरवर रस्त्यात उभ्या रानहत्तीलाही तसाच समजू लागली. 2025च्या ऑगस्टमध्ये बंडीपूरच्या रस्त्यावर सेल्फीसाठी गाडीतून उतरलेल्या माणसाला हत्तीने पाडलं. तो थोडक्यात वाचला, आणि नंतर त्याला 25,000 रुपये दंड झाला.

हत्ती गाडीला डबा समजत नाही. त्याच्या दृष्टीने ती आपल्या आकाराची, आपल्या वाटेत उभी असलेली वस्तू असते, आणि तिला हलवता येतं हे त्याला माहीत असतं. म्हणून पक्ष्यांपाशी पाळायचा नियम इथे उलटा : इंजिन चालू, गिअर तयार, मागे जायला जागा मोकळी. कान फडफडत असतील तर तो गारवा घेतो आहे. कान ताठ पसरून स्थिर झाले, सोंड आत वळली आणि अंग तुमच्याकडे वळलं, की कॅमेरा मांडीवर ठेवायचा आणि निघायचं. या क्षणाचा फोटो अत्यंत नाट्यमय येतो, हीच अडचण आहे. समाजमाध्यमांवर हत्तीचे जे फोटो लोकप्रिय होतात त्यांतले कितीतरी चिडलेल्या हत्तीचे असतात, आणि तो का चिडला होता हे चौकटीबाहेर राहतं.

महाराष्ट्रात वाघाचंही असंच झालं आहे. जिप्सीतल्या बोलीत त्याला ‘हेड-ऑन’ म्हणतात : वाघ सरळ कॅमेऱ्याकडे चालत येतोय. तो चालत येतो कारण ती त्याची वाट आहे आणि गाडी तिच्यावर उभी आहे. फोटो चांगला यायचा तर चालकाला वाघाच्या पुढे जाऊन वाट अडवावी लागते. चालक ते करतो, कारण टिप ‘साइटिंग’वर ठरते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या 2012च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्राण्यापासून किमान 20 मीटर अंतर सांगितलं आहे आणि घेरायला मनाई आहे. तरीही 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्ता ओलांडत असताना दोन्ही बाजूंनी जिप्सींनी कोंडी केली. त्याचे व्हिडिओ फिरले, चालक-गाईडांवर कारवाई झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर 2025 मध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटनात मोबाईल वापराला बंदी करायला सांगितलं. कारणही उघड आहे : एका गाडीतून ‘इथे वाघ’ असा निरोप गेला, की पंधरा गाड्या धुरळा उडवत येतात.

निलंबन चालक-गाईडांचं होतं, मागच्या सीटवरच्या कॅमेरावाल्याचं कधी होत नाही. मला हे खटकतं. वाट अडवा असं तोंडाने न सांगताही सांगता येतं, नुसतं “अजून थोडं पुढे घेता का?” पुरतं.

यावर नेहमीचा बचाव असा, की प्राण्यांना सवय झालेली असते, त्यांना काही फरक पडत नाही. केनियातल्या मसाई मारातला चित्त्यांवरचा, 2018 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याचं उत्तर देतो. कमी पर्यटन असलेल्या भागात चित्तीण एका विणीमागे सरासरी 2.3 बछडे वाढवून स्वतंत्र करते. गाड्यांची गर्दी असलेल्या भागात हाच आकडा 0.2. आणि चित्ता हा तर गाडीला सर्वांत सरावलेला प्राणी, टपावर चढून बसणारा! तो पळाला नाही म्हणजे त्याचं काही बिघडलं नाही, हे गृहीतक इथे कोसळतं. शिकार हुकणं, बछड्यांपासून जास्त वेळ दूर राहावं लागणं, गर्दीमागून तरसांना सुगावा लागणं, असल्या गोष्टी फोटोत दिसत नाहीत.

कायदा काय म्हणतो? 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यात प्राण्याला त्रास देणं, डिवचणं गुन्हा आहे, आणि 2022च्या दुरुस्तीने छायाचित्रणाची परवानगी अधिवासात बदल न करण्याच्या व वन्यजीवांवर वाईट परिणाम न होण्याच्या अटीला बांधली. शब्द चांगले आहेत. पण ते अभयारण्याच्या हद्दीत लागू. सार्वजनिक रस्त्यावर, मिठागरात, पडीक माळावर फोटोवाल्याला विचारणारं कोणी नाही. पुणे जिल्ह्यातल्या गवताळ माळांवर लांडग्यांमागे गाड्या घालणाऱ्यांची तक्रार वर्षानुवर्षं होती. मग वनविभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळला स्थानिक वाटाडे देऊन गवताळ सफारी सुरू केली. माळरानावर गाडी घालायला रस्ताच लागत नाही, हा तिथला खरा धोका. चेन्नईत निदान भरावाच्या खाली पाणी आहे. रस्ता सोडायची सोय नाही, म्हणून शिस्त आपोआप राहते. रेडियल रोडवरच्या फोटोवाल्यांना मी वर झुकतं माप दिलं त्यामागे त्यांच्या स्वभावापेक्षा हा भूगोल जास्त आहे, हे कबूल करायला हवं.

आणि तो भूगोल ज्या रस्त्याने दिला, त्यानेच पाणथळही तोडली. पळ्ळिकरणै अर्ध्या शतकापूर्वी पाच हजार हेक्टरांहून मोठी होती. पेरुंगुडीचा कचरा, मोठमोठ्या संस्था, आयटी पार्क, घरं आणि रस्ते यांनी ती गिळली. 2007 साली 317 हेक्टर राखीव वन झालं, 2022 साली सुमारे 1,248 हेक्टरांना आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला, आणि 2025 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या दक्षिण खंडपीठाने रामसर क्षेत्राभोवतीच्या एक किलोमीटरच्या पट्ट्यात नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या. पावसाळ्यात दक्षिण चेन्नईचं पाणी इथे गोळा होतं आणि ओक्कियम मडुवूतून बकिंगहॅम कालव्याकडे जातं. मधला भराव आणि त्याखालच्या मोऱ्या त्या पाण्याचा वेग ठरवतात. आपण काच खाली करतो ती खिडकी त्या भरावावरच उभी असते.

फोटोवाल्यांची एक मागणी अधूनमधून ऐकू येते : रेडियल रोडवर उत्तरेच्या बाजूला चार-सहा गाड्या सुरक्षित थांबतील असा थांबा द्या. वेगाने येणारे टँकर पाहता मागणी रास्त आहे. आज तिथे थांबणं जिवावरचं आहे आणि वाहतूक पोलीस हाकलतात तेही बरोबरच. पण तो थांबा करायचा तर पाण्यात आणखी भराव टाकावा लागेल. त्यापेक्षा पाणथळीच्या काठाला वनखात्याने केलेल्या पायवाटेवर बांबूच्या तट्ट्यांची दोन लपणं उभारली, तर गाडीची गरजच उरणार नाही, आणि डोळ्यांच्या उंचीचा प्रश्नही सुटेल.